सुंदराचा मुराळी

"आई, आता तरी आत या. ऊन डोक्यावर आलं," सुनेनं, नम्रतानं, तिसऱ्यांदा हाक मारली.

"येऊ दे. डोकं माझं हाय ना?" सुंदरा म्हणाली, आणि चाकांना हिसका देऊन खुर्ची आणखी वीतभर पुढे घेऊन बसली.

पुढे म्हणजे अंगणाच्या पार कडेला. तिथून पायवाटेचं वळण दिसायचं. आज भाऊबीज. सुंदरानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, केसात शेवंती माळली होती, आणि मांडीवर दोन साड्या नि औषधाच्या गोळ्या घातलेली पिशवी धरली होती. ताटात निरांजन तयार होतं. भाऊ येणार, ओवाळून घेणार आणि मग तिला माहेरी घेऊन जाणार. सगळं ठरलेलं होतं. कोणी ठरवलं होतं म्हणाल, तर तिनंच.

चिंचखांड आणि मोहपाडा ही भातसा धरणाच्या पाण्याकाठची दोन गावं. मधे पाण्याची एक जीभ आत घुसलेली. मोहपाड्याचा कोंबडा आरवला की चिंचखांडची माणसं उठायची, इतकं जवळ. पण जायचं म्हटलं तर मधलं दगडाधोंड्यांचं टेंगाड चढायला-उतरायला लागायचं, ओहोळ ओलांडायला लागायचा. गाडीरस्त्यानं तर विचारूच नका. आधी शहापूर गाठा, तिथून मुरबाडच्या अंगाला जाणारी जीप धरा, फाट्यावर उतरा, आणि फाट्यापासून पुन्हा उतरणीची वाट आहेच. सुंदरा मोहपाड्याची लेक आणि चिंचखांडची सून. धडधाकट होती तोवर टेंगाड म्हणजे तिला घरचा उंबरा होता. मग एका वर्षी भाताच्या पेंढ्यांची उडवी रचताना ती वरून पाठीवर पडली आणि कमरेखालचं अंग गेलं. शहापूरच्या शिबिरात ही चाकाची खुर्ची मिळाली, पण टेंगाड काही खुर्चीला चढेना.

त्यानंतर ती माहेरी गेली ती एकदाच, भावजय वारली तेव्हा. भर पावसात चौघांनी तिला चादरीच्या झोळीत घालून नेलं. जाताना नि येताना तिला दिसलं ते नुसतं आभाळ आणि उचलणाऱ्यांच्या हनुवट्या. एकजण घसरला तेव्हा ती चिखलात पडली आणि सगळे जण "धर धर" म्हणत भाताचं पोतं हातून सुटावं तसे तिच्याकडे धावले. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला, रामूला, सांगून टाकलं, "आता मला उचलायचं ते एकदाच. तवा मी काय बोलणार नाय."

भावाच्या, धाऊच्या, कानावर ते गेलं. तो फोनवर म्हणाला होता, "नको गो बाय, झोळी नको. रस्ता होऊ दे. मंग बग, गाडी ढकलत, वाजतगाजत नेतो तुला."

रस्ता होऊ दे. किती दिवाळ्या हा शब्द तिनं सांभाळला! शेजारणी विचारायच्या, "काय गो, औंदा मुराळी नाय आला?" मुराळी म्हणजे लेकीला सासरहून माहेरी न्यायला येणारा माणूस. तो आल्याशिवाय आपली आपण बोचकं उचलून माहेरी जाणं सुंदराच्या लेखी भिकारपणा. ती शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगायची, "रस्ता नाय ना. त्याचा जीव तुटतो, पन करंल काय?"

आणि देव पावला. कुठल्याशा योजनेतून पाण्याच्या काठाकाठानं पायवाट झाली. चिंचखांड ते मोहपाडा, सपाट. टेंगाडाला वळसा घालून, ओहोळावर पूल टाकून. कुठे पायरी नाही, पाण्याच्या बाजूनं कठडा, मधे टेकायला बाकडी. टोकाला निळी पाटी लागली, तिच्यावर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं चित्र. सुंदरानं ते बघितलं आणि सगळ्या आळीला हसवलं. "बगा गो, सरकारनं माझा फोटू लावलाय."

भाऊबीजेचं ऊन कललं. निरांजन विझलं, नम्रतानं पुन्हा लावलं, ते पुन्हा विझलं. शेवटी सुंदरानं फोन लावला.

"धाऊ, हैस कुटं?"

"घरीच हाय गो बाय."

"रस्ता बगलास?"

"बगला ना. ब्येस झालाय."

"मंग?"

पलीकडून कोंबड्यांचा कलकलाट तेवढा ऐकू आला. "गुडघा धरलाय गो. आन कापनी पन आलीय. बगू... करतो कायतरी."

तिनं फोन ठेवला. लुगडं तसंच अंगावर ठेवून ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. रामूनं चहा आणून दिला, बराच वेळ घुटमळला आणि म्हणाला, "अगो, कापनी खरंच आलीय. आपली नाय आली?"

"तुमी गप बसा."

तिला वाईट वाटलं ते भाऊ आला नाही याचं नव्हतं. न येण्याची तिला सवय होती. पण आजवर मधे टेंगाड होतं, दगड होते, ओहोळ होता. दोष द्यायला केवढं काय काय होतं. आता मधे काहीच राहिलं नव्हतं. सरळ, गुळगुळीत वाट होती आणि तिच्यावरून कोणी येत नव्हतं. ती नम्रताला म्हणाली, "रस्ता नव्हता तवर मला माहेर होतं गो. मेल्यांनी कशाला केला हा रस्ता?" आणि पदर तोंडावर घेऊन रडली. त्या रात्री ती जेवली नाही.

कापणी झाली, झोडणी झाली. सुंदरानं अंगणाच्या कडेला बसणं सोडलं. पायवाटेकडे पाठ करून ती वाल सोलायची. नम्रता म्हणायची, "चला ना आई, मी नेते. अर्ध्या तासात पोचू."

"बोलावल्याबिगर? मी काय कुत्रं हाय, दार उघडं दिसलं की शिरायला?"

मोहपाड्याची बुधी डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकायला यायची. आता पायवाटेनं तिची चांगली सोय झाली होती. एक दिवस ती ओट्यावर टेकली आणि पाणी मागितलं. सुंदरानं मासळीचा भाव विचारला, पाऊसपाण्याचं विचारलं, भावाचं नाव काही काढलं नाही. शेवटी बुधीच म्हणाली, "धाऊवर रुसलीस वाटतं?"

"कोन धाऊ?"

"आगो, असं काय करतंस? त्याच्या घरात बाई नाय."

"म्हाईत हाय मला. माझीच भावजय मेली ना?"

"तसं नाय गो. त्याच्या दोन पोरांचं लग्नाचं वय टळून चाललं. थोरल्या साईनाथला कल्याणपर्यंत पोरी बगून झाल्या. शेतीवाला म्हटलं की पोरी नाय म्हणतात. चूल पुरुष फुंकतात, देवाजवळचा दिवा पुरुष लावतात. धाऊ मला म्हनला, बुधे, भयनीला आनू कशी? तिची ओटी भरंल कोन?"

सुंदराच्या हातातला वालाचा दाणा तसाच राहिला.

"मी म्हटलं, शेजारची सून बोलाव," बुधी सांगत होती. "मी रांडमुंड, नायतर मीच आले असते. तं तो भडकला माझ्यावर. म्हनला, माझी भयन माहेरी येनार आन तिची ओटी दुसऱ्याच्या घरची बाई भरनार? रित्या ओटीनं पाठवू? त्यापेक्षा ती मला शिव्या देत तिकडंच बसलेली बरी."

बुधी टोपली उचलून गेली. सुंदरानं सूप खाली ठेवलं.

"गाढव हाय गाढव," ती म्हणाली. "ल्हानपनापास्नं गाढव. नम्रता! माझं हिरवं लुगडं काढ."

"कुठं निघालात?"

"धाऊला जाब विचारायला. तो मुराळी होऊन येत नाय ना? मंग मीच जाते मुराळी होऊन."

"पण बोलावणं?"

"मुराळ्याला बोलावनं लागतं काय गो? अक्कल कुठं ठेवलीस?"

नम्रताला हसू आवरेना. दोघी निघाल्या. सुंदरानं तिला खुर्चीला हात लावू दिला नाही. आपल्या दोन हातांनी चाकं ढकलत ती पाण्याच्या काठानं निघाली. उजवीकडे ते टेंगाड उभं होतं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "कसं काय, पाटील?" आणि पुढे गेली. पुलावर थांबून दम खाल्ला. तळहात सोलवटले, पण तोंडावर हसू होतं. वळण संपलं आणि मोहपाडा समोर आला. आंब्याच्या मागे कौलं दिसली. त्या आंब्याला ती लहानपणी झोका बांधायची. तिचे डोळे भरून आले, समोरचं धूसर झालं, आणि खुर्ची खणकन कशाला तरी धडकली.

वाटेच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब होते. मोटारसायकली शिरू नयेत म्हणून पुरलेले. असलेच खांब चिंचखांडच्या टोकालाही होते, पण त्यातला एक रामूच्या बैलगाडीनं पहिल्याच आठवड्यात लोळवला होता. हे मात्र ताठ उभे होते. मधून माणूस जाईल, शेळी जाईल, खुर्ची जाणार नाही. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला खोल चर. नम्रतानं खुर्ची तिरकी करून बघितली, मागं घेऊन बघितली.

"थांबा आई, चार पोरं बोलावते. उचलून पलीकडे ठेवतील."

"नाय."

"दोन पावलांचा तर प्रश्न आहे!"

"उचलून नाय जायची मी माहेरी. सांगितलंय ना एकदा?" सुंदरा म्हणाली. समोर घर होतं. अंगणात पोत्यावर भात वाळत पडलं होतं, तेही दिसत होतं. तिनं खांबाला धरलं आणि लहानपणी गुरं वळताना मारायची तशी हाक मारली, "धाऊऽऽ! ए धाऊऽऽ!"

धाऊ आला. काठी टेकत, एक पाय ओढत, बनियनवरच. खांबाशी येऊन तो उभा राहिला आणि बहिणीकडे बघतच राहिला.

"तू कशी आलीस?"

"उडत. गाढवा, बाई नाय म्हनून भयनीला तोडतोस?"

धाऊनं मान खाली घातली. "लाज वाटायची गो बाय. तू येशील, चुलीकडं बगशील... तुला पानी द्यायला पन घरात कोन नाय."

"तुजे हात कुठं गेले?"

तो एकाएकी वळला आणि लंगडत घराकडे गेला. बऱ्याच वेळानं परत आला तेव्हा अंगात सदरा होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात छातीशी धरलेलं सूप. सुपात भात, वर नारळ, आणि घडी न मोडलेला एक खण. खणावर दुकानाची चिठ्ठी तशीच होती.

"दिवाळीच्या बाजारात घेतलेला," तो म्हणाला. "घेतला तं होता."

नम्रता पुढे झाली. "मामा, द्या, मी भरते ओटी."

"तू सर बाजूला," सुंदरा म्हणाली. "तू माझ्या सासरची. माहेरची ओटी माहेरच्यानं भरायची. चल रे धाऊ. आधी कुंकू लाव."

धाऊनं खिशातून कुंकवाची पुडी काढली आणि खांबांच्या मधून हात घालून अंगठ्यानं तिच्या कपाळावर कुंकू ओढलं. ते वाकडं गेलं, भुवईपर्यंत. सुंदरानं पदर पसरला. त्यानं खण ठेवला, नारळ ठेवला, आणि ओंजळी भरभरून भात घालू लागला.

"तांदूळ घालतात रे ओटीत," ती म्हणाली.

"ठावं हाय मला. घरात रेशनचा हाय तांदूळ. तो कसा घालू तुला? हे आपल्या वरच्या खाचरातलं हाय. आयेबरोबर तू लावनी करायचीस ना, तिथलं."

तिनं पदर आणखी पसरला. पाच ओंजळी झाल्या तरी तो थांबला नाही. सूप रिकामं झालं तेव्हा थांबला आणि खाली वाकून बहिणीच्या निर्जीव पावलांवर डोकं टेकवायला गेला. गुडघा वळेना. सुंदरानंच त्याचं डोकं ओढून घेतलं, खांबांच्या मधून, आणि तोंडावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली.

"पुढल्या टायमाला घरात ये गो," धाऊ म्हणाला.

"आनि हे खांब?"

धाऊनं खांबाकडे बघितलं, जणू तो आत्ताच तिथं उगवला होता.

"आता हे कारन सापडलं तुला," सुंदरा हसली. पण हसता हसता तिनं पुन्हा एकदा त्याच्या खांद्यावरून कौलांकडे बघून घेतलं.

परत निघताना तिनं पदराची दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरली. चाकांना हात लावला तर ओटी सांडली असती. "नम्रता," ती म्हणाली, "आता तू ढकल. माझे हात मोकळे नाय."

घरी पोचल्यावर रामू ओटी उतरवून घ्यायला पुढे आला, तर तिनं त्यालाही हात लावू दिला नाही. अंगणाच्या कडेला पायवाटेकडे तोंड करून ती बसून राहिली. तिन्हीसांज झाली. वारा पडला, पाणी निवळशंख झालं. आणि पलीकडच्या काठावरून आवाज येऊ लागला. ठण्ण. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा ठण्ण. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. खांब हातभर सिमेंटात पुरलेला होता आणि मारणाऱ्याच्या अंगात काही जोर नव्हता. दोन घावांच्या मधे दम खायला थांबत होता तो.

रामूनं बैलांना पेंढा टाकता टाकता कान दिला. "कोन गो ठोकतंय या टायमाला?"

"माझा मुराळी निघालाय," सुंदरा म्हणाली.

नम्रतानं दिवा लावला आणि तिला आत बोलावलं. सुंदरा हलली नाही. भरला पदर मुठीत धरून ती पुढचा घाव पडायची वाट बघत होती.