भागचंद शेठजींनी नापास केलेला दाणा

मी एक जुना सोयाबीनचा दाणा आहे. हसू नका मित्रांनो, आज तसा दिसत नसलो तरी माझा जन्म इंझोरीचा, मारोतरावांच्या शेतातला. पोत्यात बसून मोठ्या ऐटीत मानोऱ्याच्या बाजारात आलो. तिथं धान्याचे व्यापारी भागचंद शेठजी यांनी मला उजव्या हाताच्या चिमटीत धरलं, नखानं दाबलं अन् म्हणाले, "बारका हाय. ओलाही हाय." साऱ्या बाजारासमोर! तो अपमान मी विसरलो नाही.

पुढं तेलाच्या गिरणीत माझा भुगा झाला. तेलातून एक चिकट स्निग्ध पदार्थ काढला, तो म्हणजे मी. प्रयोगशाळेत त्याच्या इवल्या पिशव्या केल्या. केसाच्या जाडीत आम्ही आठशे जण ओळीनं बसू, इतक्या बारीक. बारका म्हणत होते ना शेठजी, आता बघा म्हणावं! माझ्या पोटात मेंदूतल्या गाठीचं औषध भरलं. मेंदूच्या वेशीवर कडक पहारा असतो, साध्या औषधाला तो माघारी धाडतो. मला आत सोडावं म्हणून माझ्या अंगावर त्याच्या ओळखीची खूण चिकटवली.

बाटलीतून नागपूरच्या दवाखान्यात पोचलो, तर खाटेवर भागचंद शेठजीच. डोकं दुखायचं तेव्हा दोन महिने बाम चोळत बसले, आत गाठ वाढत राहिली. आता उजवा हात लुळा पडला होता. नेहमीची औषधं लागू पडली नाहीत, म्हणून या नव्या औषधाची चाचणी. खरं सांगतो, आधी मला गुदगुल्या झाल्या. पण तो हात पाहिला अन् राग कुठल्या कुठं पळाला.

नात कृतिका चाचणीचे कागद वाचून दाखवत होती. अशा पिशव्या अंड्याच्या बलकापासून किंवा सोयाबीनपासून करतात, हे ऐकताच शेठजी म्हणाले, "बंद कर. आमी जैन हावो पोरी. अंड्याचं अंगात घेऊन मले जगाचं नाही."

"दादाजी, असं काहून करता? डॉक्टरले इचारू तर द्या."

तिचे डोळे भरून आले होते. मी बाटलीतून ओरडत होतो, पण माझा आवाजही बारकाच.

डॉक्टर निकितांनी बाटलीवरची माहिती दोनदा तपासली. "ही सोयाबीनची आहे, शेठजी. यात अंड्याचं काहीच नाही."

शेठजींनी मान वळवून बाटली नीट निरखली. मग म्हणाले, "दाणा ओला नव्हता ना?"

कृतिका रडता रडता हसली. "तुमीच पास करा आता."

त्यांनी डाव्या हातानं लुळा हात उचलून सुईसाठी पुढं केला.

मित्रांनो, हातातली वस्तू सुटू लागली, डोकं सारखं दुखू लागलं, तर बाम चोळत बसू नका, दवाखाना गाठा. अन् कुणी औषध नको म्हटलं तर त्याला वेड्यात काढू नका, कारण विचारा.

गाठ विरघळेल की नाही, हे डॉक्टरांनाही अजून ठाऊक नाही. मी मात्र वेशीपाशी पोचलोय. पहाऱ्यानं विचारलं, "कोण?"

म्हटलं, "इंझोरीचा सोयाबीन. शेठजींनी पास केलाय."