माझ्या पोच्याला हात लावायचा नाही

मित्रांनो, मी एक जुना, वाकडा टोप आहे आणि सरळ व्हायची मला मुळीच हौस नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहिलं की लोकांचे हात शिवशिवतात. "अरेरे, केवढा पोचा पडलाय! ठोकून घ्या की," म्हणतात. जसं काही मीच तक्रार घेऊन गेलो होतो!

जन्मलो तेव्हा मीही सरळच होतो. कारखान्यात जाड ॲल्युमिनियमचा गोल पत्रा साच्यावर दाबून मला आकार दिला, दोन कान जोडले आणि दुकानाच्या फळीवर बसवलं. तिथून आईने मला निवडलं. तेव्हा तिला कुणी आई म्हणत नव्हतं, संसार नवा होता. तिने मला टिचकी मारून वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "हा टिकेल."

टिकलो की! पण तिच्या नवऱ्यापासून मला कोण वाचवणार? एकदा स्वयंपाकघरातला बल्ब गेला. बाबांना स्टूल सापडेना. त्यांनी मला पालथा घातला आणि खुशाल माझ्यावर उभे राहिले. बल्ब लागला, लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडात आईला एका बाजूने आत गेलेलं माझं बूड दिसलं.

"अहो, स्टूल तुमच्या मागेच होतं," एवढंच ती म्हणाली.

तेव्हापासून मी शेगडीवर एका बाजूला कलून बसतो. त्याच दिवशी पाहुणे यायचे होते आणि घरात दुसरं मोठं भांडं नव्हतं. आईने धुसफुसत माझ्यातच भात चढवला. पाणी उताराकडे सरकलं. तिकडचा भात मऊ, लुसलुशीत झाला. चढाकडचा मोकळा राहिला आणि तळाला खरपूस लागला. झाकण काढलं तेव्हा आईचा चेहरा पडला. पण घरात आजोबा होते, बाबांचे वडील. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. मऊ भाताचा घास घेऊन ते म्हणाले, "सूनबाई, माझ्यासाठी वेगळा केलास?" आणि पाहुण्यांची पोरं खरपुडीवरून एकमेकांना ढकलत होती. एका भांड्यात दोन पंगती जेवल्या! कुठल्या सरळ टोपाने असं करून दाखवलंय? असेल तर आणा समोर.

पुढे घरात ताई आली, मग तिचा धाकटा भाऊ आला. त्याला सगळे बोका म्हणत, कारण खरपुडी खरवडायला तो पहिला हजर. त्या दोघांनी भाताचं नाव ठेवलं 'घसरगुंडी'. करायला अगदी सोपी, तुम्हीही करा. तेलात भरपूर कांदा तांबूस होईपर्यंत परतायचा. त्यात गाजर-बटाट्याच्या फोडी, भिजवलेले मसूर, धुतलेले तांदूळ, मीठ आणि मिरपूड घालायची. चढाकडचे तांदूळ जेमतेम बुडतील इतकं गरम पाणी ओतायचं. उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवायचं. आणि एकदा झाकण ठेवलं की हात मागे! कुणी डाव घेऊन जवळ आलं की आई ओरडायची, "ढवळलंस तर बघ!"

पहिल्या घासाला बाबा "वा!" म्हणायचे. आई मान वर न करता म्हणायची, "बल्ब लागला वाटतं." वर्षानुवर्षं तोच टोमणा आणि तेच हसू.

मग आजोबा गेले. पुढे आईही गेली. ताईने मला आपल्या घरी आणलं खरं, पण तिच्याकडे सपाट, चकचकीत भांडी होती. मला ओट्याखाली कांदे-बटाटे ठेवायला बसवलं. राग आला. येणारच!

आई गेल्यानंतर पहिल्यांदाच बाबा आणि बोका ताईकडे राहायला आले. बाबांचं जेवण सुटलं होतं. त्यांनी दोन घास जास्त खावेत म्हणून ताईने घसरगुंडी केली, चकचकीत भांड्यात. सगळीकडे सारखी, दिसायला सुरेख.

"छान झालाय," बाबा म्हणाले आणि चमचा खाली ठेवला.

ताई बाळाला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात आली आणि रडायलाच लागली. "सगळं आईसारखंच घातलं रे. मग होत का नाही तिच्यासारखं?"

"खरपुडी कुठाय?" तिच्या मागोमाग आलेल्या बोक्याने विचारलं.

"लागू नये म्हणून सारखी ढवळत होते."

"आणि आईचा टोप?"

"तो वाकडाय. हे उद्या ठोकून आणणार आहेत."

ओट्याखाली मी गारठलो.

दुसऱ्या दिवशी जावयाने मला पिशवीत घातलं. बाबा पाय मोकळे करायला म्हणून बरोबर निघाले. भांडी ठोकणाऱ्याने मला लोखंडी ठोकळ्यावर पालथा घातला. "पाच मिनिटांचं काम. अगदी नव्यासारखा करतो बघा," म्हणत त्याने हातोडा उचलला. तेवढ्यात बाबांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"थांबा! तो पोचा माझा आहे. मी स्वतः उभा राहून पाडलाय."

"बाबा, पण तो डुगडुगतो," जावई म्हणाला.

"मीही डुगडुगतो. मलाही ठोकून घेणार का?"

भांडी ठोकणारा हातोडा टाकून हसला. "लोक पोचे काढायला येतात. पोचा वाचवायला आलेले तुम्ही पहिलेच!"

संध्याकाळी मी शेगडीवर बसलो, ऐटीत, एका बाजूला कलून. ताईचा हात सवयीने डावाकडे गेला.

"ढवळलंस तर बघ!" बाबा दारातून ओरडले. अगदी आईच्या चालीवर. ताईने डाव बोक्याच्या हातात कोंबला आणि झाकण लावलं.

चढाकडची खरपुडी बोक्याने पळवली. उताराकडचा मऊ भात बाळाला मिळाला, जिथून आजोबा जेवायचे तिथलाच. नुकते दात फुटलेलं ते तोंड भाताने माखून गेलं. बाबांनी घास घेतला आणि "वा!" म्हणून थांबले. समोरची खुर्ची रिकामी होती.

मग ताई मान वर न करता म्हणाली, "बल्ब लागला वाटतं."

बाबांनी ताट पुढे केलं. "अजून वाढ."

तर मित्रांनो, भांडी घासा, पुसा, सुकवून ठेवा. आळस केलात तर आमच्याइतकं रागावणारं कुणी नाही. पण तुमच्या घरच्या एखाद्या भांड्याला पोचा असेल, तर हातोडा उचलण्याआधी विचारा, तो कुणी पाडला आणि त्यानंतर त्यात काय शिजलं. माझ्यापुरतं म्हणाल, तर मी असाच वाकडा राहणार. ज्याला मऊ हवं त्याने इकडून वाढून घ्या, ज्याला खरपूस हवं त्याने तिकडून.