चित्र टांगायची उंची

आमच्या ह्यांचा चित्रविक्रीचा धंदा, आणि धंद्याची डोकेदुखी माझी. चित्र थोडे दिवस घरी न्या, भिंतीवर लावून बघा, पटलं तर ठेवा, ही ह्यांची पद्धत. न्यायला सगळे हौसेने येतात, परत आणायला मात्र आम्हालाच हेलपाटे.

त्या दिवशी निवृत्त पोस्टमास्तरांकडे निघालो. त्यांनी नेलेलं तळ्याचं चित्र एका डॉक्टरांना दवाखान्यासाठी हवं होतं आणि पोस्टमास्तरांची मुदत टळून गेली होती. फोनवर म्हणाले, "घेऊन जा. जीव जडलाय, पण किंमत आम्हाला झेपायची नाही."

आतल्या खोलीत त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली, भिंतीकडे तोंड करून कुशीवर निजलेली. चित्र त्याच भिंतीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर टांगलेलं. ते बघून ह्यांचं डोकंच फिरलं. हा माणूस लोकांच्या घरी जेवायला गेला तरी आधी त्यांची कॅलेंडरं सरळ करतो.

"अहो, असं कुठे चित्र लावतात का? जाता जाता एकदा नीट तरी बघा!"

कुणी हो-नाही म्हणायच्या आत पिशवीतून हातोडी निघाली आणि तळं उभ्या माणसाच्या नजरेसमोर गेलं. न्यायला आलेलं चित्र नव्याने लावणारा माणूस मी एवढा एकच पाहिलाय. हे मागे सरून खुशीत बघत राहिले.

पलंगावरून बारीक आवाज आला, "नेलं का हो?"

पोस्टमास्तर उशीपाशी वाकले. "नाही गं. वर लावलंय फक्त."

"मग मला कुठलं दिसायला. मान वर होत नाही ना."

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. खाली बसले, पलंगाच्या कडेला गाल टेकवला आणि तिथून पाहिलं. नुसती कोरी भिंत होती.

ह्यांनी चित्र उतरवून पुन्हा खाली धरलं. "वहिनी, आता?"

"थोडं डावीकडे घ्या."

चित्र लावताना ह्यांनी आजवर कुणाचं ऐकलेलं नाही. त्या दिवशी निमूट डावीकडे घेतलं आणि खिळा ठोकला.

"आता काठ दिसतोय," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात पोस्टमास्तरांनी एक जुनी चादर आणली. "गुंडाळायला ही चालेल का?"

"कशाला? आज कुठे ते नीट लागलंय," हे म्हणाले. "मुदत आजपासून धरायची."

"आणि ती संपली की?"

"येऊन खिळा बघून जाईन."

रस्त्यावर आल्यावर मी फणकारले, "आता डॉक्टरांना काय तोंड दाखवायचं?" आणखी चार शब्द सुनावायला वळले, तर ह्यांच्या गुडघ्यांवर अजून भिंतीची पांढरी भुकटी होती.

मीच डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, "ते तळ्याचं चित्र गेलं हो. चांगल्या घरी गेलं."