रंग गाळलेला सिनेमा

दादाची अट होती : एकच सिनेमा. नाही जमला, तर पुन्हा कधी आग्रह करायचा नाही.

धाकट्या बहिणीचं कामच ते होतं. दृष्टी नसलेल्या प्रेक्षकांसाठी ती सिनेमाचं वर्णन लिहायची. संवाद थांबले की मधल्या मोकळ्या सेकंदांत ते वाचायचं. सहा सेकंद असतील तर सहाच सेकंदांचं वाक्य. दादाचे डोळे जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी दर रविवारी दोघं मिळून सिनेमा बघायची. आता घरात सिनेमाचं नाव निघालं की तो उठून आत जायचा.

हा सिनेमा नॉर्वेचा, संवाद आपल्या भाषेत केलेले. दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. किनाऱ्यावरच्या गावात देवीची साथ आलेली असते आणि एक सुईण बर्फावरून घसरत जायला पायांना लाकडी पट्ट्या बांधून, लस घेऊन बर्फाचा डोंगर ओलांडायला निघते.

दुपारी तिघं टीव्हीसमोर बसली, धाकटी वर्णनाचे कागद हातात घेऊन. "भांडू नका म्हणजे झालं," वहिनी म्हणाली, "मला शेवट कळू दे."

वीस मिनिटांनी दादा म्हणाला, "थांबव."

"आवडला नाही?"

"बर्फ कसा आहे?"

"खूप आहे. डोंगरभर."

"कसा विचारलं, किती नाही. आकाश झालं, घरं झाली, त्या बाईची शाल झाली. एकालाही रंग नाही. सिनेमा जुना आहे का, काळा-पांढरा?"

"नाही."

"मग रंग कुणी खाल्ले?"

वर्णनातला एकूण एक रंग धाकटीने स्वतःच्या हाताने खोडला होता. दादाने तीस वर्षं रंगाच्या दुकानात रंग मिसळले होते. गिऱ्हाइकाने उशीचा अभ्रा पुढे केला तरी भिंतीसाठी तो हुबेहूब तोच रंग काढून द्यायचा.

"तुला त्रास होईल असं वाटलं."

"म्हणून जेवायला बोलावलंस आणि मीठच घातलं नाहीस?" दादा म्हणाला. "पहिल्यापासून लाव. कागद ठेव बाजूला. बघ आणि सांग."

तिने लावला. "बर्फ पांढरा आहे..."

"कुठला पांढरा? चुन्याचा की दुधाचा?"

हा सिनेमा तिने अकरा वेळा पाहिला होता, तरी तिला थांबून बघावं लागलं. "उन्हात दुधासारखा. सावलीत जांभळट."

"शाल?"

"विटकरी. खांद्यांवर जास्त विटलीय."

"ओझं तिथंच घेते ना," दादा म्हणाला. तो पुढे सरकून बसला होता.

सुईण माथ्यावर पोचली. संगीत थांबलं. पुढचे एकोणीस सेकंद कुणी बोलत नाही.

"खाली दोन डोंगरांच्या मध्ये समुद्र आत शिरलाय," धाकटी म्हणाली. "पाणी निळं. गडद. काठाशी हिरवट."

दादा मागे टेकला.

"दादा?"

"पांढऱ्यात तीन मापं निळा, अर्धं माप हिरवा, काळ्याचे दोन थेंब. प्रमाण अजून बिनचूक सांगतो," तो म्हणाला. "मनात ढवळतो, बघायला जातो, आणि डब्यात काही नसतं."

धाकटीने सिनेमा थांबवला.

"लाल आहे अजून. पिवळा आहे. निळा गेला. सिनेमाला बसलो की हे कळणार होतं, म्हणूनच नको म्हणत होतो."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. तिलाही तो हे बोलला नव्हता. धाकटीला समजुतीची दोन-तीन वाक्यं सुचली. ती बाजूला ठेवून तिने विचारलं,

"बंद करू?"

"ती बाई पोचली का गावात?"

"अजून नाही. उतार आहे पुढे."

"मग बंद कशाला करतेस? आणि निळं दिसलं तर निळंच म्हण."

तिने सिनेमा सुरू केला. सुईण उताराला लागली.

"तिची सावली निळी आहे," धाकटी म्हणाली. "तिच्यापुढे घसरत चाललीय."

"लांब आहे?"

"तिच्या दुप्पट."

"म्हणजे दिवस कलला," दादा म्हणाला. "पाय उचलायला हवा तिने."