टिमन्स यांच्या भिंतीवरचा परवाना

मित्रांनो, त्या गुरुवारी सकाळी रॉस्को टिमन्स नेहमीसारखे रुमालाने माझी काच पुसत होते, आणि त्यांची मुलगी व्हर्नेल टेबलापाशी बसून त्यांना कायद्याचे प्रश्न विचारत होती. मी एक जुना परवाना आहे. मेकन गावच्या या गृहस्थांना लोकांसाठी घरकर्ज मिळवून देण्याची जॉर्जिया राज्याची परवानगी आहे, एवढंच माझ्यावर छापलेलं आहे. खाली एक सोनेरी शिक्का आणि कुणा साहेबाची घाईघाईची सही.

"अर्ज आल्यावर खर्चाचा अंदाज किती दिवसांत द्यायचा?" व्हर्नेलने विचारलं.

"त्याच दिवशी."

"डॅडी, तीन दिवसांत."

"तीन दिवस माणसाला ताटकळत ठेवायचं? मी सतरा वर्षं त्याच दिवशी देतोय."

"तुम्ही काय करता ते विचारलेलं नाही. कायदा काय म्हणतो ते विचारलंय."

"मग कायद्याने माझ्याकडे येऊन शिकावं," असं म्हणून ते माझा तिरका झालेला कोपरा सरळ करू लागले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्यांची परीक्षा होती. त्यासाठी अटलांटाला जायचं होतं. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना परीक्षा का द्यावी लागत होती, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

माझा जन्म १९९३ सालचा. रॉस्को त्याआधी गवंडी होते. दुसऱ्यांच्या घरांच्या विटा रचता रचता त्यांच्या लक्षात आलं की आपल्या वस्तीतल्या लोकांना बँका दारातूनच परत पाठवतात. मग त्यांनी थापी ठेवली आणि मला मिळवलं. त्यांच्या वडिलांना एका कोटवाल्या माणसाने घर विकतो म्हणून अकरा वर्षं हप्ते घेऊन लुबाडलं होतं. त्या माणसाकडे कसलाच कागद नव्हता, आणि कुणी तो मागितलाही नव्हता. म्हणून रॉस्कोंची एक रीत होती. नवीन माणूस आला की ते मला भिंतीवरून काढून त्याच्या हातात देत. "आधी माझं नाव मोठ्याने वाचा. मग तुमचा पगार सांगा."

लोक वाचत. कुणी अडखळत, कुणी चर्चमध्ये धडा वाचावा तसं घसा खाकरून. एका म्हातारबाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्या शिक्क्यावरून नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हं, खरा आहे." मला त्या दिवसांत फार मान होता. चौकटीच्या दोन्ही कडांचा रंग लोकांच्या हातांनी उडाला आहे, तो असा.

मग घरकर्जांचा बाजार कोसळला. किती दलाल एका रात्रीत पाटी उतरवून पसार झाले! एका राज्यात परवाना गेला की शेजारच्या राज्यात जाऊन नवा काढायचा, असंही काहीजण करत. त्यावर उपाय म्हणून कायदा आला. सगळ्या राज्यांचे परवाने आता देशाच्या एकाच संगणकी नोंदणीत जाणार होते. प्रत्येकाने अभ्यासवर्ग करायचा, परीक्षा द्यायची, बोटांचे ठसे द्यायचे, आणि शेवटी स्वतःच्या हाताने 'ही माहिती खरी आहे' हे बटण दाबायचं. मग जन्मभराचा एक क्रमांक मिळणार. एकतीस डिसेंबरनंतर मी नुसता कागद उरणार होतो.

रॉस्कोंना ते पटलं नव्हतं असं नाही. "चोर पकडायला चांगलं आहे," ते म्हणाले. "पण आकडा माणसाच्या हातात कसा देऊ?" ठसे घेणाऱ्या यंत्राने तर त्यांना दोनदा परत पाठवलं. चुन्याने आणि सिमेंटने बोटांवरच्या रेषाच खाऊन टाकल्या होत्या. "नेल, माझ्या बोटांनाही मी आठवत नाही," असं ते व्हर्नेलला हसत म्हणाले, पण तो सारा दिवस त्यांनी हात खिशात ठेवले.

ऑक्टोबरमध्ये बापलेक दोघं पहिल्यांदा परीक्षेला गेले. व्हर्नेलने चौदा वर्षं त्यांच्या कर्जांची कागदपत्रं तयार केली होती; कंपनी दोघांच्या नावावर होती, पण परवाना तिचा नव्हता. दोघं परत आले तेव्हा रॉस्को टोपी न काढताच खुर्चीत बसले.

"बहात्तर. पंचाहत्तर लागतात. तुझं काय?"

व्हर्नेलने पर्सवर हात ठेवला. "सहासष्ट."

"तुझे? सहासष्ट?" ते तिच्याकडे बघत राहिले. मग मांडीवर थाप मारून इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे तू नक्की माझीच गं, पोरी! चल, दोघं मिळून पुन्हा देऊ."

ते जेवायला गेल्यावर तिने पर्समधून कागद काढला. मी भिंतीवरून तो वाचला. एक्क्याण्णव. तिने तो घडी करून चहाच्या पुड्यांच्या खणात सारला.

त्या वेळी ती दयेपोटी खोटं बोलली, हे मी शपथेवर सांगेन. पण पुढचे दोन महिने वेगळेच गेले. परीक्षेची पुढची तारीख थेट दहा डिसेंबरची मिळाली. रोज संध्याकाळी कचेरी बंद झाली की उकडलेल्या शेंगांची पिशवी मधे ठेवून दोघं अभ्यासाला बसत. प्रश्नातून गोष्ट निघे, गोष्टीतून माणूस. कुणाचं कर्ज त्यांनी नाकारलं आणि का, कोणता नवरा बायकोसमोर पगार वाढवून सांगत होता, असं कितीतरी तिने त्या संध्याकाळींत पहिल्यांदा ऐकलं. तिला त्या गोष्टींची चटकच लागली. आज सांगते, उद्या सांगते, असं करता करता डिसेंबर आला. ती उठे, कप विसळे, पुन्हा बसे. पेनाचं टोपण काढे, लावे. रॉस्कोंना वाटे, पोरगी परीक्षेला घाबरली आहे.

आता त्या गुरुवारकडे परत येतो. माझा कोपरा सरळ करून झाल्यावर ते खुर्चीत बसले आणि शेंग सोलत म्हणाले, "नेल, मी पुन्हा पडलो तर पडलो. मला माझी काळजी नाही. झोप लागत नाही ती तुझ्यापायी. तू पडलीस तर या खुर्चीत कोण बसेल?"

व्हर्नेलचं तोंड उघडलं. मी वाट पाहिली, मित्रांनो. माझ्याकडे आवाज नाही, नाहीतर त्या दिवशी मी ओरडलोच असतो.

"डॅडी..."

"काय?"

"उद्या परत येताना गाडीत सांगते." तिने पुस्तकात डोकं घातलं. "सोळावा प्रश्न."

शुक्रवारी सकाळी रॉस्को ठेवणीतला सूट घालून मोटारीपर्यंत आले, दाराच्या मुठीला हात लावला आणि तिथेच खाली बसले. डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं. हे मी नंतर, भेटायला आलेल्यांच्या हलक्या आवाजातल्या बोलण्यातून ऐकलं. माझी काच त्यानंतर कुणी पुसली नाही.

दफन झालं, चर्चमधल्या बायकांनी आणलेली भांडी परत गेली, आणि सत्तावीस तारखेला व्हर्नेलने कचेरी उघडली. संगणकावर दोन नोंदी दिसत होत्या. वडिलांची अर्धवट राहिलेली, आणि तिची स्वतःची, पूर्ण भरलेली, फक्त बटण दाबायचं राहिलेली. ती बघत बसली. उठली. खिडकी उघडली, लावली. पुन्हा बसली.

तेवढ्यात ऑलिथा ब्रिग्ज आल्या. शाळेत मुलांसाठी स्वयंपाक करणाऱ्या या बाईंचं पहिल्यावहिल्या घराचं कर्ज रॉस्कोंच्या हातात अर्ध्यावर राहिलं होतं. भाड्याची जागा त्यांना महिन्याभरात सोडायची होती. कोट न काढताच त्या समोर बसल्या.

"मिस नेल, तुझ्या दुःखात हे विचारणं बरं नाही, पण विचारते. माझ्या कर्जाचं काय?"

"अटलांटातल्या एका चांगल्या माणसाचं नाव देते मी."

"पुन्हा पहिल्यापासून? अगं, दोन वर्षं मी तुमच्या या चिठ्ठ्याचपाट्या गोळा करतेय. नाही, तूच कर."

"मला परवाना नाही, मिसेस ब्रिग्ज."

"मग काढ! तुझ्या बापाने मला पहिल्याच दिवशी बजावलं, नाव वाचल्याशिवाय पगार कुणाला सांगायचा नाही म्हणून. त्यांचं वाचलं आणि सांगितला. आता कुणाचं वाचू?" मग त्यांचा आवाज उतरला. "ते मला म्हणाले होते, माझी नेल माझ्यापेक्षा हुशार आहे, पण परीक्षेत कशी काय अडकली कळत नाही. रोज रात्री तिच्यासाठी प्रार्थना करतो. पोरी, त्या परीक्षेत इतकं अवघड होतं तरी काय?"

व्हर्नेल उठली. मग तिने चहाच्या पुड्यांचा खण उघडला, घडी काढली आणि ब्रिग्जबाईंसमोर टेबलावर सपाट केली. त्यांनी ती वाचली, तारीख पाहिली, आणि नुसतं "अरे देवा" म्हणून चष्मा काढला. व्हर्नेलने संगणक स्वतःकडे वळवला. 'ही माहिती खरी आहे' या ओळीवर तिचं बोट थांबलं, आणि मग तिने ते दाबलं.

चार दिवसांनी माझी मुदत संपते आहे. मला माळ्यावर टाकलं, चुलीत घातलं तरी माझी तक्रार नाही. सतरा वर्षं मी लोकांच्या हातांत राहिलो. जाताना एवढंच मागतो, मित्रांनो. घरात जे माणूस तुमच्यासाठी जागत असतं, त्याला निश्चिंत करणारं काही तुमच्यापाशी असेल, तर ते त्याला आजच्या आज सांगा.

ब्रिग्जबाई गेल्या. व्हर्नेल वडिलांच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली. ती रडली नाही. चौदा वर्षं ज्या आवाजात ती त्यांना कागद वाचून दाखवायची, त्याच आवाजात ती बोलली.

"डॅडी, मी ऑक्टोबरमध्येच पास झाले होते. मला तुमच्याबरोबर अभ्यास करायचा होता."