पेंग्याची बादली

कुकरकाकांचे पुढचे दोन दात तरुणपणी एका चिडक्या घोडीने पाडले, आणि तेव्हापासून ती फट म्हणजे त्यांच्या कामाचं हत्यारच होऊन बसली. हसू नका, खरंच सांगतो. घोड्याला खरारा करताना धूळ उडते, केस उडतात, आणि तोंड उघडं असलं की सगळं आत जातं. म्हणून जुने मोतद्दार दात आवळून, श्वास बाहेर सोडत हात चालवतात. हिस्स, हिस्स, हिस्स. धूळ बाहेर राहते. शिवाय घोड्यालाही कळतं, की हा आपलाच माणूस, आता त्याचा हात पोटाखाली जाणार, लाथ झाडायचं काही कारण नाही. बाकीच्यांचा हा आवाज साधा असायचा. काकांचा मात्र त्या फटीतून असा यायचा, की वाटावं आता कुकरची शिट्टी होणार. म्हणून तबेल्यात सगळे त्यांना कुकर म्हणायचे. केस पिकले तसं मागे 'काका' लागलं, एवढंच.

आणि आता मुलीने ती फट बुजवून टाकली होती. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिच्या डॉक्टरांनी काकांना दोन दातांची छोटीशी कवळी करून दिली होती. ती काढता-घालता यायची, पण मुलीचा हुकूम होता की काढायची ती फक्त झोपताना.

"किती छान दिसताय, बाबा," बसमध्ये ती म्हणाली. "हसा बघू."

"दुसऱ्याचे दात घेऊन हसू कसा?"

"दुसऱ्याचे कशाला? तुमच्या मापाचे आहेत. आणि आज तर हसायचा दिवस आहे. एवढा कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट! घोड्याला भेटायला चाललोय की घोड्याच्या लग्नाला?"

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. पोरगी थट्टा करत होती, पण फोन फिरवून, परवानगी काढून, सुट्टी घेऊन तीच त्यांना घेऊन निघाली होती. तिने हे का केलं तेही त्यांना ठाऊक होतं. काम सुटल्यापासून काका घरात मावत नव्हते. स्वयंपाकघरातलं टेबल पुसायला घेतलं की लांब लांब हात मारत, पायांपर्यंत पुसत जायचे, आणि तोंडातून आपोआप हिस्स, हिस्स सुरू व्हायचं. पहाटे उठून खिडकीशी उभे राहायचे. खाली गाड्या, पलीकडे इमारती, खिंकाळणारं कुणी नाही. एकदा मुलीने विचारलं, "बाबा, तुम्हाला हवंय तरी काय?" तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पेंग्याला बघायचंय एकदा."

पेंग्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कागदावर तो वज्रवेग होता. तो थरोब्रेड, म्हणजे धावण्यासाठीच पिढ्यान् पिढ्या जपलेल्या जातीचा घोडा. अशा घोड्याच्या आजी-पणजीची नावंसुद्धा कागदावर नोंदलेली असतात. पण हे वज्रवेग महाराज तबेल्यात आले तेच मुळी जांभई देत. सराव असो, नाल ठोकणं असो, जरा उभं केलं की डोळे मिटून खालचा ओठ लोंबता सोडायचे. पहिल्या शर्यतीत गेट उघडलं, सगळे घोडे सुटले, आणि हा मान वळवून प्रेक्षकांकडे बघत राहिला. मग सगळे गेले म्हणून आपणही गेलेलं बरं, अशा बेताने निघाला आणि शेवटून दुसरा आला. शेवटचा आला त्याच्या जॉकीने निदान वाटेत टोपी तरी पाडली होती.

"विकून टाकू," ट्रेनर म्हणाला. "गाडीला जुंपतील कुणीतरी."

"साहेब, एकदा बघू अजून," काका म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शर्यत संपली की घोडे लगेच थांबत नाहीत. शेवटच्या खांबापुढे ते बरेच धावत जातात, मग हळू होतात, मग वळून परत येतात. मोतद्दार एरवी फाटकापाशी त्यांची वाट बघतात. दुसऱ्या शर्यतीच्या दिवशी काका फाटकापाशी थांबले नाहीत. शर्यतीच्या आधी घोड्याला पोटभर खायला देत नाहीत, आणि पेंग्या तर खाण्याचा भुकेला. काकांनी बादलीत कोमट पाणी घेतलं, वर मूठभर कोंडा टाकला, आणि खांबाच्या कितीतरी पलीकडे, कठड्याला टेकून उभे राहिले. उभ्या उभ्या सवयीने हिस्स, हिस्स करू लागले.

त्या दिवशी पेंग्या जिंकला. जिंकला म्हणजे काय, शेवटच्या वळणावर असा सुटला की बाकीचे घोडे चरायला आलेत असं वाटावं. खांब गेला, जॉकी लगाम ओढून थकला, पण हा थांबला तो थेट बादलीपाशी. त्याला दोन-तीन घोट दिले, आणि त्याने तो ओला, कोंड्याने बरबटलेला जबडा काकांच्या खांद्यावर वरून खाली पुसला. टॉवेलला पुसावा तसा.

मग हेच चालू झालं. लहान शर्यती झाल्या, मोठ्या झाल्या. पेंग्या चिखलात जिंकला, उन्हात जिंकला, एकदा खोगीर सरकलेलं असताना जिंकला. वर्तमानपत्रांनी त्याच्या काळजाची थोरवी गायली, जॉकीने आपल्या हातांची, ट्रेनरने आपल्या सरावाची. काकांना मात्र मनातून वाटायचं, हा शर्यत धावतच नाही. हा माझ्याकडे धावतो. खांब मधे येतो, त्याला इलाज नाही.

हे त्यांनी एकदाच एका सोबत्याला बोलून दाखवलं होतं. तो म्हणाला, "कुकर, हजारो माणसं बोंबलत असतात तिथे. त्यात तुझी फुसफुस त्याला ऐकू जाते होय? तो कोंड्याकडे धावतो, बाबा."

तबेला हसला. काकाही हसले. पण तो काटा आत राहिला तो राहिलाच.

पुढे एका मोठ्या शर्यतीत पेंग्या जिंकला आणि बादलीपाशी आला तो पुढचा पाय उचलून. शीर दुखावली होती. धावणं संपलं. लांबच्या एका फार्मवर त्याला पैदाशीसाठी पाठवायचं ठरलं. ट्रक आला, पण पेंग्या फळीवर पाय ठेवेना. मग नेहमी करतात तेच केलं. काका बादली घेऊन आधी आत चढले, हिस्स हिस्स करत राहिले, आणि पेंग्या मुकाट्याने मागोमाग आला. त्याचं तोंड बादलीत असताना काका बाजूच्या छोट्या दाराने खाली उतरले. कामच ते. कितीतरी घोडे त्यांनी तसेच चढवले होते. पण त्या ट्रकच्या आत बादली पालथी झाल्याचा आवाज आला, तो काही त्यांच्या कानातून गेला नाही.

आता एवढ्या वर्षांनी त्यांना एवढंच बघायचं होतं. तो माझ्याकडे धावायचा, की बादलीकडे?

फार्मवर त्यांना घ्यायला गमबूट घातलेली एक धिप्पाड बाई आली. पेंग्याची देखभाल तीच करायची.

"या, या! चॅम्पियनचे पाहुणे तुम्हीच ना? तो बघा, झाडाखाली. आता कामातूनही निवृत्त झालाय. खातो, झोपतो."

"झोपतो अजून?" काकांनी विचारलं.

"उभ्या उभ्या. ओठ लोंबतो नुसता."

काकांनी कुंपणाला हात टेकले. लांब, मैदानाच्या टोकाला, त्यांच्याकडे पाठ करून एक घोडा उभा होता. पाठीला बाक आला होता, पोट सुटलं होतं. पण शेपटीच्या मुळाशी पेंग्याचा ओळखीचा पांढरा ठिपका होता. काकांनी दात आवळले आणि श्वास सोडला.

फुस्स. सायकलच्या चाकातून हवा जावी तसा आवाज आला. घोड्याचा एक कान हलला, बहुतेक माशीमुळे.

पुन्हा केलं. फुस्स.

"ऐकू येत नसेल, बाबा," मुलगी हळूच म्हणाली. "वय झालंय त्याचंही."

काका खिशातून रुमाल काढत म्हणाले, "बये, जरा तिकडे बघ."

"का? बाबा! नाही हं! चारचौघांत कवळी काढायची नाही, मी काय सांगितलं होतं?"

"चारचौघं आहेत कुठे? त्यातला एक तर घोडा." दोन दात रुमालात गेले, रुमाल खिशात गेला. काकांनी वाकून, डोळे मिटून श्वास सोडला.

हिस्स. हिस्स. हिस्स.

घोड्याने मान वर केली. तो वळला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं, मग दुडक्या चालीने निघाला, आणि मग, दुखऱ्या पायाने किंचित लंगडत का होईना, पण तो सुटला. तीच मान, पुढे ताणलेली. तेच कान, मागे पडलेले. काकांचे हात कुंपणावरून आपोआप पुढे झाले. मुलीने तोंडावर हात घेतला.

पेंग्या आला, आणि काकांच्या समोरून, त्यांच्याकडे न बघता, तसाच पुढे निघून गेला.

काकांनी मान वळवून बघितलं. मघाशीच तिकडे गेलेली ती बाई पलीकडे फाटकापाशी बादली घेऊन उभी होती. पेंग्याचं तोंड बादलीत बुडालं होतं.

"ह्याची वेळ झाली ना खाण्याची," ती लाजून म्हणाली. "बादलीची कडी वाजली की येतोच तो. मला वाटलं, जवळ येईल तर तुम्हाला नीट बघता येईल."

आयुष्यभर खांबाच्या पलीकडे उभे राहिलेले काका आज स्वतःच खांब झाले होते. घोडा त्यांना ओलांडून बादलीकडे गेला होता. त्यांना हसू आलं. दातांच्या फटीतून आलं, म्हणून जरा वाजलंच. हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा ते बुटांकडे बघू लागले. बूट काय चकचकीत होते!

"कोंडाच होता रे बाबा," ते त्या जुन्या सोबत्याला उद्देशून पुटपुटले. "बरोबर होतं तुझं."

लहानपणी मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला बाबा कधी वेळेवर आले नव्हते, आणि त्या सगळ्या उशिराचं कारण आता तिच्यासमोर मचमच खात होतं. तरी तिला त्या घोड्याचा राग आला तो आत्ता, पहिल्यांदा.

"संपलं वाटतं," बाई म्हणाली. "आता गंमत बघा. खाऊन झालं की तोंड पुसायला त्या फाटकाच्या खांबाकडे जाईल. त्याचा रंग बघा कसा घालवलाय. मी फडकं धरलं, अंगावरचा कोट पुढे केला. नाही म्हणजे नाही. खांबच लागतो."

पेंग्याने बादलीतून तोंड वर काढलं. खांब त्याच्या अगदी शेजारी होता. तो तिथे थोडा वेळ उभा राहिला, नाकपुड्या फुलवत. मग वळला आणि कुंपणाच्या कडेकडेने, झोपेत चालल्यासारखा, सावकाश परत आला. काका बुटांकडेच बघत होते. त्यांच्या खांद्यावर एकदम काहीतरी जड, गरम, ओलं आलं आणि वरून खाली घसरत गेलं. पुन्हा एकदा, वरून खाली.

पांढऱ्या शर्टाचा पार चिखल झाला.

काकांनी मान वर केली नाही. हलले तर तो जाईल असं त्यांना वाटलं. "मला खांब समजला की काय?" ते कसंबसं म्हणाले.

"खांब तिकडे होता, बाबा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "खांब त्याच्या शेजारी होता. तो सोडून इथे आला."

काकांचा हात पेंग्याच्या मानेवर गेला आणि केसांच्या दिशेने लांब लांब फिरू लागला. तोंडातून आवाज सुरू झाला. पेंग्याने डोळे मिटले, खालचा ओठ लोंबता सोडला. मग त्याला कंटाळा आला असावा. तो वळला आणि आपल्या झाडाकडे निघून गेला. त्याने मागे वळून बघितलं नाही. काका मात्र तो झाडाखाली जाऊन पाठ करून उभा राहीपर्यंत बघत होते, आणि त्यानंतरही.

परतीच्या बसमध्ये मुलीने त्यांच्याकडे बघून हात पुढे केला. "दात?"

"खिशात आहेत."

"घाला की मग."

"घरी गेल्यावर."

तिने वाद घातला नाही. कोंड्याने माखलेला खांदा खिडकीकडे होता. दुसऱ्या, कोऱ्या खांद्यावर तिने डोकं टेकलं आणि डोळे मिटले. तिची झोप मोडू नये म्हणून काका ताठ बसले. पण एक हात हळूहळू तिच्या केसांवरून फिरू लागला आणि त्याच्याबरोबर, अगदी बारीक, हिस्स, हिस्स.

पुढच्या बाकावरच्या माणसाने मान वळवून बघितलं. "कुठे हवा जातेय का हो?"

"नाही," काका म्हणाले, आणि मागे पडत चाललेल्या रस्त्याकडे बघत राहिले.