शहारेंच्या पाटीवरची शेपटी

सुखराम टेंभुर्णे मास्तरांनी साकोलीच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवली आणि मुलांच्या डोक्यात एक गोष्ट कायमची बसवली. मालकी असेल तर शेपटी, गर्दी असेल तर नुसता एस. शेपटी म्हणजे अपॉस्ट्रॉफी, अक्षरांच्या डोक्याशी लटकणारा स्वल्पविराम. राजूचं पुस्तक म्हणायचं तर राजूला शेपटी लागते. वर्गात चार राजू आहेत एवढंच म्हणायचं तर लागत नाही. इतकं सोपं. पण हे दुकानांच्या पाट्यांना आणि लग्नपत्रिकांना कळत नसे, आणि त्याचा त्रास निवृत्तीनंतरही मास्तरांनाच होई.

गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा झाला त्या साली त्यांना मुलगी झाली, प्रतिक्षा. जिल्हा वेगळा झाल्याचं मास्तरांनी फारसं मनावर घेतलं नव्हतं. मुलगी वेगळी व्हायची वेळ आली तेव्हा मात्र दोन स्थळं हातची गेली, आणि दोन्ही वेळा कारण इंग्रजीच होतं.

पहिल्या मुलाचा बायोडाटा मास्तरांनी लाल शाईनं तपासला आणि दहापैकी चार गुण देऊन परत पाठवला. चारसुद्धा त्यांनी हात सैल सोडूनच दिले होते. दुसरा मुलगा नवी कार घेऊन आला. मागच्या काचेवर लिहिलं होतं, आईबाबांची भेट. इंग्रजीत, आणि शेपट्या न लावता. मास्तरांनी मुलाला त्याच्या आईसमोरच शांतपणे विचारलं, "तुम्हाला आया किती?" कार लगेच निघून गेली.

तिसरं स्थळ तुमसरचं. मुलगा अतुल शहारे, बँकेत नोकरीला. येऊन मुलगी पाहून गेला. या वेळी प्रतिक्षानं आईला सांगून टाकलं, "आई, मले हा मुलगा पसंत आहे. हे स्थळ मोडलं तर मी बाबांशी बोलणार नाही. मराठीत नाही अन् इंग्रजीतही नाही."

मुलगा मुलगी पाहून गेला की मुलीकडची मोठी माणसं त्याचं घर पाहायला जातात. तसे मास्तर, त्यांची बायको चंद्रकांता आणि तिचा भाऊ टेकचंद जीपनं निघाले. वाटेत चंद्रकांताबाईंनी बजावलं.

"आज इंग्रजीचा विषय काढाचा नाही जी."

"मी कुठं काढतो? तो समोर येते."

"आला तरी बोलाचं नाही. इंग्रजी दिसली का भाताच्या बांध्या पाहा."

"तुमसरात शिरल्यावर बांध्या कुठून आणू?"

"मंग माह्या तोंडाकडं पाहा."

टेकचंद मागं बसून हसत होता, पण आवाज न करता, कारण त्याच्या गालात खर्रा होता. तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेली ही वस्तू तोंडात असली की आपल्या भागात माणसाला बोलण्याची सूट मिळते. तो फक्त हनुवटी वर करतो आणि ऐकणारा त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून घेतो.

शहारेंचं घर नवं होतं. जीपमधून उतरताच मास्तर जागीच थांबले. फाटकाशेजारच्या खांबावर काळा ग्रॅनाइट, त्यात कोरलेली आणि सोनेरी रंग भरलेली इंग्रजी अक्षरं : द शहारेज. आणि त्या शेवटच्या एसच्या आधी, झेंडूच्या माळेखालून, शेपटी. घरात तीन शहारे राहत होते, म्हणजे सरळसरळ गर्दी. पाटीनं लावली होती मालकी. शहारेचं. काय शहारेचं? ते पाटी सांगत नव्हती. बरं, खडूनं लिहिलेलं असतं तर पुसता आलं असतं.

मास्तरांचं उजवं बोट, ज्यानं तीस वर्षं फळ्याकडं दाखवलं, आपोआप वर उठायला लागलं.

"टेकचंद!" चंद्रकांताबाई कुजबुजल्या.

टेकचंदला जास्त सांगावं लागत नसे. त्यानं खिशातली पुडी उघडून पुढं धरली. "घ्या भाऊजी. दुसरा इलाज नाही."

मास्तरांनी शेकडो पोरांना शाळेच्या मागं नेऊन खर्रा थुंकायला लावला होता. त्यांनी एकदा पाटीकडं पाहिलं, एकदा बायकोकडं, आणि प्रतिक्षाचं नाव मनात घेऊन चिमूटभर खर्रा गालात ठेवला.

"जयभीम, जयभीम! या सर!" परसराम शहारे समोर आले. रेल्वेतून निवृत्त झालेला, मोकळ्या मनाचा माणूस. मास्तरांचा फुगलेला गाल पाहून ते आणखी खुलले. "वा! इंग्रजीचे मास्तर असून आमच्यासारखेच आहात म्हणा की. मी तं भेऊन राहिलो होतो."

मास्तरांनी हनुवटी वर केली.

"पाटी पाहिली का? नागपूरहून कोरून आणली. कशी वाटली?"

मास्तरांच्या तोंडून "ऊंम्" असा आवाज निघाला. बोट मात्र ऐकेना. ते वर गेलं, शेपटीच्या दिशेनं.

"वरचा मजला ना? बरोबर बोलले सर!" परसराम आत वळून ओरडले, "ऐकलं का वो? सर म्हणते, पोरांसाठी वरचा मजला काढा. पुढच्या साली काढू जी."

चंद्रकांताबाईंनी नवऱ्याकडं कौतुकानं पाहिलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण हा माणूस न बोलता इतकं काम करतो हे त्यांना आज कळलं.

तेवढ्यात खर्रा चढला. मास्तरांना घाम फुटला, उचकी लागली आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अतुलची आई आनंदाबाई लगेच पुढं झाली.

"बापाचा जीव आहे. लेकीसाठी तुटते." ती त्यांना हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. खिडकीजवळ नवं टेबल होतं, वर रिकामी फळी. "पोरगी परीक्षेचा अभ्यास करते म्हणे. तिची पुस्तकं इथं राहतीन. चुलीजवळ कोणी बोलावणार नाही तिले. मी आहे ना."

मास्तर त्या रिकाम्या फळीकडं बघत राहिले. यानंतरचं डोळ्यांतलं पाणी खर्ऱ्याचं नव्हतं.

अतुल त्यांना मागच्या नळावर घेऊन गेला. चूळ भरून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "सर, ते पाटीवरचं चिन्ह चुकलं आहे ना?"

मास्तर चमकले. "तुला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. कोरणाऱ्यानं विचारलं, वरची निशाणी टाकू का? बाबा म्हणाले, टाक. आमचे बापजादे दुसऱ्याच्या दारात राबले, आता आपल्या फाटकावर आपलं नाव लागून राहिलं, त्यात काही कमी नोको. मंग हे चुकलं असं मले म्हणवलंच नाही. तुम्ही सांगाल का? तुमचं ऐकतील."

आता मास्तरांचं तोंड मोकळं होतं, परवानगीही मिळाली होती. बैठकीत परत आले तर परसराम वाटच पाहत होते.

"सर, मघा तोंडात खर्रा होता. आता सांगा, पाटी कशी आहे?"

टेकचंदचा हात खिशाकडं गेला. चंद्रकांताबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"अपुरी आहे," मास्तर म्हणाले.

त्यांचं बोट पुन्हा फाटकाकडं वळलं.

"खाली जागा रिकामी आहे. तिथं दोघांची नावं येऊ द्या. अतुल अन् प्रतिक्षा."

परसराम उठले आणि त्यांनी मास्तरांना मिठीच मारली. आनंदाबाई साखर आणायला पळाली. जीपमध्ये बसताना मास्तर बायकोला म्हणाले, "नावं मराठीत लिहायला सांगितली. मराठीत शेपटीचा धोका नाही."

लग्न झालं. महिन्याभरानं मास्तर, चंद्रकांताबाई आणि टेकचंद लेकीला भेटायला तुमसरला गेले. वरच्या मजल्यासाठी विटा येऊन पडल्या होत्या. प्रतिक्षा फाटकापर्यंत धावत आली. परसरामांनी पाहुण्यांना आधी खांबाजवळ नेलं. इंग्रजी ओळीखाली ठळक मराठीत कोरलं होतं, अतुल आणि प्रतिक्षा. आणि प्रतिक्षाच्या शेवटच्या अक्षराच्या डोक्याशी, ताज्या सोनेरी रंगात, एक शेपटी.

"कोरणाऱ्याले मी मुद्दाम सांगितलं," परसराम अभिमानानं म्हणाले. "वरच्या ओळीले आहे अन् सुनेच्या नावाले नाही, असं कसं चालन?"

प्रतिक्षा बाबांकडं पाहत होती.

मास्तरांनी पाटीकडं बराच वेळ पाहिलं. मग नजर न हलवता त्यांनी डावा हात मागं नेला आणि टेकचंदसमोर तळवा उघडला.